आई-बाबांबरोबरचा रविवार: पाडव्यापासून सर्वपित्रीपर्यंत

२०२५ मध्ये गुढीपाडवा रविवारी आला, ३० मार्चला. त्याच पहाटे इथं जर्मनीत घड्याळं तासभर पुढे झाली आणि पुण्याशी असलेलं साडेचार तासांचं अंतर साडेतीनवर आलं. व्हिडिओ कॉलवर आईनं गुढी दाखवली, मग मी फोन खिडकीकडे वळवला. सकाळचे दहा वाजले होते आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"अगं, आज बंद आहे का तुमच्याकडे?"

"बंद नाही गं आई, रविवार आहे."

मागून बाबांचा आवाज आला, "हा तुझा रविवार एकदा बघायला हवा."

दक्षिण जर्मनीतल्या ट्युबिंगेन या विद्यापीठाच्या गावाला लागून असलेल्या एका खेड्यात मी पाच वर्षं राहते आहे, एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. दर सुट्टीत पुण्याला मीच जायचे. त्या दोघांनी इकडे यावं असा विषय निघाला की विमान, गुडघे, खर्च अशा कारणांनी तो मागे पडायचा. बाबा अडुसष्ट वर्षांचे, आई चौसष्टची. त्या दिवशी बाबा स्वतःहून बोलले, म्हणून मी दुसऱ्याच दिवशी कामाला लागले. पुढचे चार महिने मला कुणीतरी हे सगळं मराठीत, आधी काय आणि नंतर काय अशा क्रमानं सांगावं असं फार वाटत होतं. म्हणून लिहिते आहे. नियम आणि शुल्कं बदलत असतात, तेव्हा अर्ज करण्याआधी वकिलातीच्या संकेतस्थळावरची यादी पुन्हा वाचाच.

सुरुवात होते ती हमीपत्रापासून. त्याचं जर्मन नाव फेअरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग. नाव ऐकून दडपण येतं, पण अर्थ सरळ आहे: माझे पाहुणे इथं असताना त्यांच्या राहण्याजेवण्याचा, आजारपणाचा, वेळ पडली तर परत पाठवण्याचा खर्च सरकारला करावा लागला, तर तो मी भरेन. आई-बाबांनी स्वतःच्या बचतीवर अर्ज करायलाही हरकत नसते. पण निवृत्त माणसांच्या खात्यात दोन महिन्यांचा युरोपातला खर्च दाखवायचा म्हणजे मुदतठेवी मोडण्यापासून सुरुवात, म्हणून आम्ही हमीपत्राचा रस्ता धरला. हे पत्र आपण जिथं राहतो तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन, अधिकाऱ्यासमोर सही करूनच मिळतं. १ एप्रिलला मी ऑनलाइन वेळ मागितली आणि २० मे ही तारीख मिळाली. सात आठवडे. तुमच्याकडे कोणी येणार असेल तर तिकिटांचे दर बघण्याआधी ही वेळ घेऊन ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर अडतं.

पासपोर्ट, राहण्याचा परवाना, नोकरीचा करार, पगाराच्या पावत्या, घरभाड्याचा करार आणि आई-बाबांच्या पासपोर्टच्या प्रती, एवढं घेऊन गेले. तीन महिन्यांच्या पावत्या मागितल्या होत्या, मी सहा महिन्यांच्या नेल्या आणि त्यांनी त्या सगळ्या बघितल्या. आई-बाबा दोघांची नावं एकाच पत्रात बसली, २९ युरो भरले. समोरच्या बाईंनी मजकूर वाचून दाखवला आणि कुठं सही करायची ते सांगितलं. पेन हातात घेतलं आणि क्षणभर थांबले. मी इकडे शिकायला निघाले तेव्हा शैक्षणिक कर्जाच्या कागदांवर जामीनदार म्हणून बाबांनी सही केली होती. बँकेतल्या त्या टेबलाशी मी त्यांच्या शेजारी उभी होते. आज त्यांच्या नावाखाली माझी सही होत होती. बाहेर आल्यावर बसची वाट बघताना डोळे भरून आले, आणि मी ते पुसलेही नाहीत.

हमीपत्राची मूळ प्रतच द्यावी लागते, स्कॅन चालत नाही. कुरिअरनं पाठवलं, ३ जूनला पुण्यात पोचलं. व्हिसासाठी अर्ज करताना ते सहा महिन्यांपेक्षा जुनं नसावं, हे ध्यानात ठेवा.

खरा गुंता पुढे निघाला. मी त्यांची मुलगी आहे हे दाखवायला माझा जन्मदाखला जोडायचा होता. बाळंतपण आईच्या माहेरी झालेलं, दाखला आजोबांनी काढलेला, आणि त्यावर आईचं माहेरचं नाव. लग्नात तिचं पहिलं नावही बदललेलं. म्हणजे पासपोर्टवरची बाई आणि दाखल्यावरची बाई, कागदावर दोन निराळ्या. आपल्याकडे हे घरोघरी आहे आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही, पण परदेशी अधिकाऱ्याला ते कसं कळणार? आई फोनवर अगदी हळू आवाजात म्हणाली, "माझ्यामुळे अडतंय का गं?" ते वाक्य मला अजून टोचतं. तिचा काय दोष? तिचं नाव तिला विचारून बदललं नव्हतं. शेवटी स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र केलं, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं, आणि नोटरीचा शिक्का घेतला. सोबत विवाहनोंदणीचा दाखला. जन्मदाखला मराठीत होता, त्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं. तुमच्या घरातही हे असणारच; आत्ताच कपाट उघडून दाखले ताडून बघा.

बाकीची तयारी त्या मानानं सोपी. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, परतल्यानंतर निदान तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, चालणारा. हमीपत्र असलं तरी विमा लागतोच. दोघांच्या विम्याला अठरा हजारांच्या आसपास गेले. विम्याच्या कागदात आधीपासून असलेल्या आजारांबद्दल काय लिहिलंय ते वाचून घ्या. बाबांचा रक्तदाब त्यात बसत नव्हता, म्हणून औषधं पुरून उरतील एवढी बरोबर घ्यायची असं ठरलं. विमानाचं आरक्षण जोडलं, तिकीट मात्र व्हिसा हातात आल्यावरच घेतलं.

१ जुलैला पुण्यातल्या व्हीएफएस केंद्रात, म्हणजे व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या केंद्रात, वेळ मिळाली. महाराष्ट्रातले अर्ज पुढे मुंबईच्या जर्मन वकिलातीकडे जातात, पण कागद आणि बोटांचे ठसे पुण्यातच देता येतात, त्यामुळे मुंबईची फेरी वाचते. व्हिसाचं शुल्क माणशी ९० युरो, म्हणजे तेव्हा साधारण नऊ हजार रुपये, वर केंद्राचं सेवाशुल्क. बँकेच्या खातेउताऱ्यावर शाखेचा शिक्का नसल्याचं आदल्या संध्याकाळी शेजारच्या काकूंनी दाखवून दिलं. बाबा सकाळी बँक उघडायच्या आधी दारात जाऊन उभे राहिले, शिक्का घेतला, आणि रिक्षानं केंद्रावर अगदी वेळेत पोचले. ठशांच्या यंत्रावर आईची बोटं उमटेनात. भांडी, धुणं, चाळीस वर्षांचा स्वयंपाक, रेषा झिजलेल्या. तिथल्या मुलीनं ओलसर कपडा दिला, "काकू, घाई नाही, परत ठेवा," म्हणाली, आणि चौथ्या वेळेस जमलं. त्या मुलीचे आभार मानायला मी तिथं नव्हते, म्हणून इथं मानते.

नियमाप्रमाणे निर्णयाला पंधरा दिवस लागतात, जास्तीत जास्त पंचेचाळीस. आम्हाला तीन आठवडे लागले. त्या दिवसांत बाबा अर्जाची स्थिती दिवसातून चारदा बघायचे आणि मला कळवायचे, "अजून प्रक्रियेत." २२ जुलैला पासपोर्ट घरी आले. आईनं पाकीट आधी देवापुढे ठेवलं, मग उघडलं. साठ दिवसांचा व्हिसा होता.

गणपती सोडून आई येणार नव्हती. २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी, ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी, म्हणून ११ सप्टेंबरच्या रात्रीचं मुंबई ते फ्रांकफुर्ट विमान घेतलं. पितृपक्षात प्रवास नको असं एका आत्यानं सुचवलं, पण बाबांनी ऐकलं नाही. "सर्वपित्रीला तिथं करू. पितर काय व्हिसा मागणार आहेत?" असं म्हणाले आणि विषय संपला.

सामानाबद्दल एक सांगते, कारण पुष्कळ आया इथं चुकतात. युरोपीय संघाच्या बाहेरून दूधदुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांना आणता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा घरीच ठेवायचा. ताजा कढीपत्ताही नाही. आईनं भरलेली तुपाची बरणी मी फोनवर बोलून बाहेर काढायला लावली. इथलं बिनमिठाचं लोणी कढवलं की तूप उत्तम होतं. औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी घ्या, त्यात औषधाचं मूळ नाव असू द्या, कंपनीचं नाही. आणि तिकीट काढतानाच दोघांसाठी व्हीलचेअर मागा. त्याला पैसे पडत नाहीत. बाबांना संकोच वाटत होता, पण फ्रांकफुर्टचा विमानतळ केवढा मोठा आहे आणि त्यातून पासपोर्टच्या खिडकीपर्यंत कुणीतरी हात धरून नेतं, याची किंमत रात्रभर जागलेल्या माणसाला कळते. खिडकीवर दोनच प्रश्न विचारले: कुणाकडे आलात, किती दिवस? हमीपत्राची प्रत आणि परतीचं तिकीट आईच्या पर्समध्येच होतं. तीन महिन्यांच्या आतल्या पाहुण्यांना इथं पत्त्याची नोंदणी करावी लागत नाही, त्यामुळे घरी पोचलं की कागदांचं काम संपलं.

१२ तारखेचा शुक्रवार आणि शनिवार दोघं झोपूनच होते. मीही त्यांच्याजवळ बसून राहिले, आणि रविवारी सकाळी लक्षात आलं की दूध संपलंय. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. सगळी. किराणा, कपडे, भाजी, सगळं. काही बेकऱ्या सकाळी थोडा वेळ उघडतात. मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकानं आणि पेट्रोलपंप चालू असतात. पेट्रोलपंपावरून दूध आणलं तेव्हा कुठं चहा झाला. हे केवळ रिवाज म्हणून नाही. जर्मन राज्यघटनेच्या १४० व्या कलमानं १९१९ च्या वायमार घटनेतलं १३९ वं कलम जसंच्या तसं उचललं आहे, आणि त्यात रविवार हा कामातून विसाव्याचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून राखलेला आहे. बाबांनी हे वाक्य मला दोनदा वाचायला लावलं. "मनाच्या उन्नतीचा," ते म्हणाले, "घटनेत लिहिलंय?"

पुढचा रविवार २१ सप्टेंबरचा, सर्वपित्री अमावस्येचा. या वेळी दूध शनिवारी आणलं होतं. वड्यांची डाळही आईनं शनिवारीच वाटून ठेवली, कारण रविवारी शेजाऱ्यांची शांतता मोडेल असं काही करायचं नाही एवढं तिला कळलं होतं. इथं रविवारी ड्रिल चालवत नाहीत, गवत कापत नाहीत, रिकाम्या काचेच्या बाटल्याही रस्त्यावरच्या बाटल्यांच्या कुंडीत टाकत नाहीत. सकाळी बाबांनी तर्पण केलं. आईनं खीर, वडे, भात, भाजी असं पान वाढलं. केळीचं पान नव्हतं, म्हणून माझ्याकडची पांढरी ताटली घेतली आणि बाल्कनीच्या कठड्याजवळ ठेवली. आम्ही अर्धा तास वाट बघितली. समोरच्या झाडावर एक कावळा होता, पण तो हलला नाही. आभाळ भरून आलं होतं. ट्युबिंगेन बघायला जायचं होतं आणि तासाला एकच बस, ती चुकवून चालणार नव्हतं. आईचा पाय निघत नव्हता. "येईल गं," बाबा म्हणाले, "त्याला नवीन आहे."

बस नेकार नदीच्या पुलाशी थांबते. ट्युबिंगेन पहिल्यांदा बघायचं तर इथूनच बघावं: डावीकडे नदी, तिच्या काठाला चिकटून पिवळी, गुलाबी, पांढरी उभट घरं, मागे चर्चचा मनोरा. दुसऱ्या महायुद्धात या गावाची फारशी मोडतोड झाली नाही, म्हणून जुनं गाव जुनंच राहिलं. नव्वद हजारांच्या आसपास वस्ती, त्यात विद्यार्थी पुष्कळ. पुलावरूनच पायऱ्या उतरून नदीतल्या लांबट बेटावर जाता येतं. तिथं प्लेन वृक्षांची दुतर्फा रांग आहे, झाडं सुमारे दोनशे वर्षांची. बाबा पहिल्या झाडापाशी थांबले, खोडावर हात ठेवला. मग दुसऱ्या झाडापाशी. मी एरवी ही वाट पाच मिनिटांत संपवते. त्या दिवशी आम्हाला पाऊण तास लागला, आणि आमच्या मागून येणाऱ्या कुणालाही घाई नव्हती. हातात हात घालून म्हातारी जोडपी, बाबागाड्या, कुत्री. रविवारी इथं माणसं चालायला म्हणून निघतात; कुठं पोचायचं असं काही नसतं. त्याला इथं श्पात्सिरगांग म्हणतात.

आई पाण्याजवळच्या बाकावर बसली. "नदी एवढी जवळ आहे, आणि वास नाही," ती म्हणाली. बाबा मुठेत पोहायला शिकले होते. ते काही बोलले नाहीत. उठून काठाशी गेले, हात जोडले, आजोबांचं नाव घेतलं आणि ओंजळभर पाणी नदीतच सोडलं. शेजारून जाणाऱ्या एका आजीबाईंनी मान लववून "ग्र्यूस गॉट" म्हटलं. या भागात अनोळखी माणसालाही तसंच म्हणतात.

बेटावरून समोर एक पिवळा गोल मनोरा दिसतो. फ्रीडरिश ह्योल्डर्लिन या कवीचं मन ढळल्यावर डॉक्टरांनी आशा सोडली, आणि १८०७ मध्ये एर्न्स्ट त्सिमर नावाच्या एका सुतारानं त्याला आपल्या घरी, याच जागी आणलं. कवी तिथं १८४३ पर्यंत, छत्तीस वर्षं राहिला. सुतार १८३८ मध्ये वारला, मग त्याच्या मुलीनं, लोटेनं, शेवटपर्यंत त्याची काळजी घेतली. आताची इमारत १८७५ च्या आगीनंतर पुन्हा बांधलेली आहे. मी हे सांगत होते आणि आई त्या मनोऱ्याकडे बघत होती. "नात्याचा ना गोत्याचा," ती म्हणाली, "छत्तीस वर्षं!" मग थोड्या वेळानं, "तिचं नाव काय म्हणालीस? त्या मुलीचं?" लोटे, मी सांगितलं. तिनं ते दोनदा म्हणून बघितलं. दिवसभरात तिनं लक्षात ठेवलेलं ते एकच जर्मन नाव.

मनोऱ्याच्या पायथ्याशी लांब, सपाट तळाच्या नावा बांधलेल्या असतात. मागे उभा असलेला माणूस बांबूसारख्या लांब काठीनं नदीचा तळ ढकलत नाव पुढे नेतो. बसायचं ठरलं होतं, पण नेमकी पावसाची सर आली आणि आम्ही गल्लीत शिरलो. सप्टेंबरात येणार असाल तर पातळ जलरोधक जाकीट बरोबर असू द्या. छत्री चढावर अडचणीची होते.

गल्ल्या दगडी आहेत, चालताना बूट घट्ट असावेत. श्टिफ्ट्सकिर्श या मुख्य चर्चच्या घंटा वाजत होत्या. चर्चचं बांधकाम १४७० मध्ये सुरू झालं. १४७७ मध्ये विद्यापीठ स्थापणारा एबरहार्ड आत पुरलेला आहे. समोरच्या चौकात जुन्या पुस्तकांचं एक दुकान आहे, अर्थात बंद. पुढे मोठा लेखक झालेल्या हेर्मान हेस यानं १८९५ ते १८९९ या काळात इथं पुस्तकविक्रीची उमेदवारी आणि मग नोकरी केली. त्याची आई १८४२ मध्ये केरळात, तलश्शेरीला जन्मली होती. तिचे वडील हेर्मान गुंडर्ट याच ट्युबिंगेनात शिकले, मिशनरी म्हणून मलबारात गेले आणि त्यांनी मल्याळमचं व्याकरण आणि मोठा शब्दकोश केला. बाबांनी काचेला नाक लावून आतली पुस्तकं बघितली. पुण्यातल्या एका ग्रंथालयात त्यांनी पस्तीस वर्षं नोकरी केली आहे. बंद दुकानातल्या पुस्तकांचे कणेसुद्धा ते वाचतात.

बाजारचौकात पोचलो तोवर ऊन आलं. नगरपालिकेची इमारत १४३५ ची, वर १५११ चं खगोलीय घड्याळ, भिंतीवर चित्रं. मध्ये नेपच्यूनचं कारंजं. दुकानं बंद असली तरी रविवारी कॅफे उघडे असतात, आणि सप्टेंबरात प्लमचा केक मिळतो. आई अंडं खात नाही, म्हणून मी आधी विचारून घेतलं. सगळीकडे चालेल असं धरू नका. श्पेत्सले या इथल्या शेवयांतही अंडं असतं, आणि या दिवसांत मिळणाऱ्या कांद्याच्या केकमध्ये बहुतेक वेळा डुकराच्या मांसाचे तुकडे. तिच्यासाठी लोणी लावलेली ब्रेत्सेल, म्हणजे वेटोळ्याचा पाव, घेतली, ती तिला फार आवडली. आईस्क्रीम घेतलं ते कोनमध्ये, कारण २०२२ पासून या गावात एकदाच वापरून फेकायच्या कपावर ५० सेंट कर आहे. हा कर न्यायालयात गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये देशाच्या घटना न्यायालयानं तो कायम ठेवला. चौकात एकही कागदी कप पडलेला नव्हता. कॅफेत बसलात की तिथलंच स्वच्छतागृह वापरून घ्या, पुढे चढावर सोय नाही.

वर किल्ला आहे, होहेनट्युबिंगेन. रस्ता उभ्या चढणीचा. मी म्हणाले, "बाबा, राहू द्या, पुन्हा कधीतरी." बाबांनी विचारलं, "त्या रोटचं ग्रंथालय वरच होतं ना?"

मला हे माहीत नव्हतं की त्यांना हे माहीत आहे. ओटो ब्योटलिंक आणि रुडोल्फ रोट यांचा संस्कृत-जर्मन कोश सात खंडांत १८५५ ते १८७५ या काळात सेंट पीटर्सबर्गहून निघाला. रोट इथं प्राध्यापक होते आणि १८५६ पासून विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे प्रमुखही, आणि ते ग्रंथालय तेव्हा या किल्ल्यात होतं. बाबांच्या ग्रंथालयात ते सात खंड होते. दर पावसाळ्यानंतर ते बाहेर काढून ऊन द्यायचं, कसर लागली का बघायचं, हे काम बाबांनी कधी दुसऱ्याकडे दिलं नाही. जर्मन त्यांना येत नाही. पण पहिल्या पानावरची नावं पाठ होती.

आम्ही चढलो. पाच ठिकाणी थांबलो. आत संग्रहालय आहे. मॅमथच्या दातातून कोरलेला, बोटभर लांबीचा चाळीस हजार वर्षांपूर्वीचा घोडा आहे, आणि खाली जुन्या स्वयंपाकघरात ती प्रयोगशाळा, जिथं फ्रीडरिश मीशर यानं १८६९ मध्ये पेशींच्या केंद्रकातून एक नवा पदार्थ वेगळा काढला, ज्याला आज आपण डीएनए म्हणून ओळखतो. मी ज्या धंद्यात आहे त्याचं हे देवघरच, म्हणून मी दर वेळी तिथं थोडी उभी राहते. पण त्या दिवशी आम्ही जास्त वेळ थांबलो ते वरच्या मोठ्या दालनात, रिटरझालमध्ये. आता तिथं ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्रतिकृती आहेत. १९१२ पर्यंत ग्रंथालय इथंच होतं. बाबांनी टोपी काढली. पुतळ्यांकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते खिडक्या बघत होते, उजेड कुठून येतो, दमट कोपरा कुठला. "इथं फळ्या असणार," ते हळूच म्हणाले, "या भिंतीला."

खाली अंगणातल्या बाकावर बसल्यावर त्यांनी आम्हाला मार्टिन हाउगची गोष्ट सांगितली. इथून जवळच, बालिंगेनजवळच्या ओस्टडोर्फ गावातला शेतकऱ्याचा मुलगा. १८४८ मध्ये ट्युबिंगेनला येऊन संस्कृत शिकला. १८५९ मध्ये पुण्याला आला, पूना कॉलेजात, म्हणजे पुढच्या डेक्कन कॉलेजात, संस्कृतचा प्राध्यापक झाला आणि १८६६ पर्यंत राहिला. यज्ञाचे विधी नुसते वाचून कळेनात, तेव्हा एका श्रौती ब्राह्मणाकडून त्यानं ते करवून घेऊन बघितले. ऐतरेय ब्राह्मणाची त्याची आवृत्ती १८६३ मध्ये मुंबईत छापली गेली. "तो इथून तिथं गेला, तेव्हा त्याला बोटीनं किती आठवडे लागले असतील," बाबा म्हणाले. आईनं विचारलं, "त्याचे आई-बाप कधी गेले होते का त्याला बघायला?" त्याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं.

उतरताना बाबांची टाच घासली गेल्याचं कळलं, मोजा रक्तानं ओला झाला होता. रविवारी औषधाची दुकानंही बंद, पण पाळीवर एखादं उघडं असतंच. कुठलंही बंद दुकान गाठा, दारावर त्या दिवशीच्या पाळीच्या दुकानाचा पत्ता लावलेला असतो. तिथं खिडकीतून औषध देतात आणि रविवारचे अडीच युरो जास्त घेतात. तातडीनं डॉक्टरचा सल्ला हवा असेल तर ११६११७ हा क्रमांक आहे. जिवावरचं असेल तर ११२. हे दोन्ही आकडे मी आईच्या फोनच्या मागे चिकटवून ठेवले होते. पट्टी लावली, आणि सव्वासहाच्या बसची वाट बघत तिघं थांब्यावर बसलो. आईनं बाबांचा पाय आपल्या मांडीवर घेतला होता. रस्त्यात गाडी नव्हती, आवाज नव्हता. पुण्यात ती असं कधी बसली नसती.

घरी पोचल्यावर आई बूट न काढताच बाल्कनीत गेली. ताटलीत भात थोडा विस्कटलेला होता, खिरीची वाटी कलंडलेली. वडे दोन्ही नव्हते. समोरच्या झाडावर दोन कावळे बसले होते, आपल्या कावळ्यासारखी राखाडी मान नसलेले, चोचीपासून शेपटीपर्यंत काळे.

बाबांनी दारातून बघितलं आणि आत येऊन पाय वर करून पडले. आईनं ताटली उचलली, वाटी धुतली, ओट्यावर उपडी घातली. मग फ्रिज उघडून दुधाची बाटली उजेडात धरून बघितली.

"पुढच्या शनिवारी दोन लिटर आणू," ती म्हणाली.